आत्याचा हात आणि आमचं पत्रक

तुमच्या घरात कुणाच्या हातून वाटी पडली, तर तुम्ही आधी कशाकडे बघता? वाटीकडे, की हाताकडे?

आम्ही दोन्हीकडे बघितलं नाही. आम्ही दारातून बाहेर, कपाशीकडे बघितलं. हे कसं झालं ते सांगतो. त्यात माझी लाज आहे, पण ती लपवून हे लिहिता येणार नाही.

आमचं गाव बीबी या बाजारगावापासून बसच्या एका टप्प्यावर. वडील शेतकरी चळवळीत होते. आमच्या घरी देवाच्या तसबिरी दोन आणि पत्रकांचे गठ्ठे भिंतभर. मी वाचायला शिकलो तो त्या गठ्ठ्यांवर. शाळेच्या पुस्तकात कमळ, बदक वगैरे होतं. मला त्याआधी 'निषेध' वाचता येत होतं. वडिलांचा पत्रक लिहिण्याचा एक कायदा होता. पत्रक बाजारात उभ्यानं वाचलं जातं, वाचणाऱ्याच्या एका हातात पिशवी असते, म्हणून पहिल्या ओळीत प्रश्न आणि दुसऱ्या ओळीत दोषी. "दोषी एकच पाहिजे. दोन लिहिले की पत्रक मेलं," असं ते म्हणायचे. मी मोठा झालो, पत्रकं लिहायला लागलो, आणि हा कायदा मी त्यांच्यापेक्षाही कडक पाळला.

त्या पत्रकांच्या घड्या घालायची माझी आत्या. वडिलांची धाकटी बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. माझी आई मी लहान असताना गेली. मला आत्यानंच वाढवलं. तिची घडी अशी की तीन भाग केसानेही कमीजास्त नसत. कारण तिचा खरा धंदा बोटांचाच होता. आमच्या भागात कपाशीच्या संकरित बियाण्याचे प्लॉट असतात. दुपारनंतर बाया ओळीत शिरतात, उद्या उमलणारी कळी ओळखतात आणि अंगठ्याच्या नखाने ती सोलून तिच्यातला नराचा भाग काढून टाकतात. आतला नाजूक दांडा दुखवायचा नाही. मग कळीवर कागदाची टोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग त्यावर फिरवायचे. याला क्रॉसिंग म्हणतात. देशभर शेतकरी ज्या बियाण्याच्या पाकिटासाठी रांगेत उभा राहतो, ते आमच्या बायांच्या नखांतून निघतं. पाकिटावर बायांचं चित्रसुद्धा नसतं, हा माझ्या एका जुन्या पत्रकाचा विषय होता.

आत्याच्या टोळीची मुकादम होती शेजारची खाला, म्हणजे मावशी; सगळं गाव तिला तशीच हाक मारायचं. तिचा नवरा बाजारात बांगड्या विकायचा. खालाची जीभ तिच्या नखाइतकीच धारदार.

भादव्यात एक दिवस प्लॉटवर आत्याच्या ओळीत कळ्या तुटलेल्या सापडल्या. एक नाही, पन्नास-साठ. खाला ओरडली, "अगं ए, फूल सोलून राह्यली का त्याच्याशी भांडून राह्यली?"

"नख बोथट झालं वाटते," आत्या म्हणाली.

"नख बोथट होते, हात होत नाही. जा, पानी पी."

चार दिवसांनी आत्या डाव्या हाताने कळ्या सोलायला लागली. सगळ्या टोळीने तिची थट्टा केली. मग सकाळी उठताना तिचं डोकं दुखायला लागलं, उपाशीपोटी उलटी व्हायची. पित्त असेल, असं तीच म्हणाली. आणि त्याच आठवड्यात मी तिच्या घड्या घातलेला एक गठ्ठा तिच्यापुढे परत टाकला. "आत्या, हे काय? वाकड्यातिकड्या घड्या. लोक वाचतील का असलं?" तिनं सगळ्या उलगडल्या आणि पुन्हा घालायला बसली. मी घडी बघितली. हात मी बघितला नाही.

हे वर्ष कोणतं होतं, ते कपाशीवाल्यांना सांगायची गरज नाही. ज्या बीटी बियाण्यावर बोंडअळी येणार नाही असं सांगितलं होतं, त्याच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी बसली होती. लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून फवारत होते, तोंडाला रुमालही न बांधता. फवारणीच्या विषबाधेनं माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या पेपरात रोज यायच्या. आत्या त्याच शेतांत वाकून काम करत होती. आधी तिच्या हातून वाटी पडली, मग हातच गेला. अजून काय पाहिजे होतं? मला दोषी सापडला होता.

बीबीच्या डॉक्टरांनी आत्याला तपासलं. तिला बोट नाकाला लावायला सांगितलं. ते गालाला लागलं. डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला लावले. उजवा हळूहळू खाली आला. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं की डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्या, लवकर.

बाहेर आल्यावर मी वडिलांना म्हणालो, "बघा, कसं करतात. हाताचं आहे तर डोक्यात नेऊन घालायचं. उद्या म्हणतील, मेंदूचा आजार आहे, फवारणीचा काय संबंध? संपलं प्रकरण."

वडिलांनी विचार केला आणि होकाराची मान डोलावली. चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात गेली.

त्यानंतरचे सहा आठवडे मी आत्याला घेऊन फिरलो, तिचा हात दाखवत. कृषी कार्यालय, तहसील, दुसरबीडला एक सभा, पुन्हा कृषी कार्यालय. ती खुर्चीत बसायची, मी म्हटलं की हात पुढे करायची. एकदा परत येताना बसमध्ये म्हणाली, "बाबू, दरवेशी अस्वल घेऊन येते ना, तसं तू मले गावोगाव दाखवून राह्यला. निदान नाचायले तं शिकव." आम्ही दोघंही हसलो. तिच्या हसण्यात उजवा ओठ मागे राहत होता. तेही मी माझ्या पुराव्यात धरलं.

मग पत्रक काढलं. वर तिच्या लुळ्या हाताचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: 'हा हात कोणी मारला?' दुसऱ्या ओळीत फवारणी. एका बाजूनं छापलेलं, पाठ कोरी. त्याच्या घड्याही आत्यानेच घातल्या, डाव्या हातानं, गुडघ्याखाली कागद दाबून. स्वतःच्या हाताच्या फोटोवरून घडी मोडताना ती म्हणाली, "फोटोत बरा दिसते की रे."

दिवाळीच्या आधीच्या बाजारात मी ते पत्रक वाटत होतो. आत्या आणि खाला भाजी घेऊन माझ्याकडे येत होत्या. चालता चालता आत्याचा उजवा हात आधी थरथरला, मग खांदा, मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती रस्त्यात कोसळली. सगळं अंग झटके द्यायला लागलं. लोक धावले, गर्दी झाली.

आता जे लिहितो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: गर्दी जमली, आता लोक वाचतील. माझ्या हातात गठ्ठा तसाच होता. मी खरंच एका माणसापुढे कागद धरला.

"अरे कागद फेक, गाडी बघ!" खाला किंचाळली. तिनं आत्याला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली स्वतःची ओढणी दिली होती. "फेक म्हनते ना! तुझी आत्या आहे का जाहिरात?"

औरंगाबादला त्याच दिवशी सीटी झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ. मग ऑपरेशन, गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं की सगळ्यात जलद वाढणाऱ्या जातीची. तिथल्या डॉक्टर बाई वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी आम्हाला बसवून, न घाई करता सांगितलं. ही गाठ बरी होत नाही. किती दिवस मिळतात, हे सगळ्यांचं सारखं नसतं. वय कमी असेल तर थोडं बरं. गाठ किती काढता आली, त्यावर असतं. इथं ती हाताच्या आणि बोलण्याच्या जागेला चिकटली होती, म्हणून सगळी काढता आली नाही. गाठीचा स्वतःचा एक स्वभाव असतो, तो तपासणीत थोडाफार कळतो. कुठली गाठ औषधाला ऐकते, कुठली ऐकत नाही. रेडिएशन आणि गोळ्या वेळेवर सुरू होऊन खंड न पडता पुऱ्या होणं, हेही लागतं. आणि उपचाराला येताना रुग्ण कुठल्या स्थितीत होता, स्वतःचं स्वतः किती करत होता.

वडिलांनी एकच विचारलं, "हे फवारणीनं झालं का?"

"या गाठीचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. फवारणी वाईटच आहे, काका. पण याला ती कारण आहे असं मला म्हणता येणार नाही."

वडिलांचा चेहरा मला आठवतो. आत्या जाणार, हे ऐकताना तो जितका पडला नव्हता, तितका दोषी सापडत नाही हे ऐकून पडला. त्यांना मी नावं ठेवत नाही. माझाही पडला असणार.

मी खिशातली चिठ्ठी काढून डॉक्टरांपुढे ठेवली. एवढ्या दिवसांत तिच्या घड्यांवर शाई पुसट झाली होती. "तेव्हाच आणलं असतं तर?" मी विचारलं.

त्यांनी चिठ्ठीवरची तारीख वाचली. चिठ्ठी परत माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. किती दिवस जास्त मिळाले असते, तेही सांगता येत नाही. एवढंच सांगते, त्या चालत आल्या असत्या. तुम्ही उचलून आणलं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रेडिएशनला आमच्याकडे लाईट देणं म्हणतात. तीस वेळा, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. आत्या धर्मशाळेत बायकांच्या दालनात राहणार होती, तोल जात होता, एकटीला ठेवता येत नव्हतं. सोबत बाईच पाहिजे, आणि आमच्या घरात दुसरी बाई नव्हती. माझ्या घरच्या भिंतीवर स्त्रियांच्या हक्कांची पत्रकं होती. बाई मात्र एकच होती, आणि ती आजारी.

हे खालानं सोडवलं. आमच्याकडे बाया एकमेकींच्या शेतात दिवस फेडतात. आज तू माझ्यात, उद्या मी तुझ्यात. खालानं टोळीला अंगणात बसवून सांगितलं, "सहा हप्ते, सहा बाया. हर एकीचा एक हप्ता. कोणाची काही हरकत? नाही ना? मंग झालं."

आत्याला ते ओझं झालं. "एवढे दिवस म्या कवा फेडू?"

"पुढच्या साली प्लॉटवर फेड. माह्या ओळीच्या सगळ्या कळ्या तू सोलायच्या."

"हाव," आत्या म्हणाली. "पण तुटल्या तं बोंबलायचं नाही."

पहिले चार आठवडे असेच गेले. दर सोमवारी एक बाई पिशवी आणि आत्याला घेऊन निघायची, शनिवारी दोघी परत यायच्या. आत्याच्या चेहऱ्यावर घालायला प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बनवला होता. तो टेबलाला आवळला की डोकं हलत नसे. आत्या घरी येऊन सांगायची, "कळीले टोपी घालतो ना आपण, तशी मले घालतेत. फक्त पराग कोणी आणून नाही राह्यलं." सूज उतरायच्या गोळ्यांनी हातात थोडी ताकद आली. उजव्या हातानं ती पदर सावरायला लागली. मी आशा धरायला लागलो. आशा धरणं किती सोपं असतं, ते मला त्या महिन्यात कळलं.

पाचवा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी आभाळ आलं. अवकाळी पाऊस येणार, गारा पडणार, असं रेडिओवर सांगत होते. कपाशीवर शेवटची वेचणी उभी होती. अळीतून जो थोडा कापूस वाचला होता, तो बोंडातून बाहेर लोंबत होता. भिजला की काळा. ज्या बाईची पाळी होती ती आमच्या दारात येऊन रडली. "कसं जाऊ सांगा. दोन दिवस द्या." खालाचंही शेत तसंच. सगळ्यांचंच.

मी एकटा आत्याला घेऊन गेलो. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला हात जोडले, दाराबाहेर झोपतो म्हटलं. तो म्हणाला, आत दुसऱ्यांच्या बायका झोपलेल्या असतात, रात्री यांना उठवायला तुम्ही आत कसे येणार? त्याचं बरोबर होतं. शहरात कुणाच्या तरी घरी सोय बघायची, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ओळखीचं घर नव्हतं. मी तिला परत घेऊन आलो. दोन दिवसांसाठी.

दोनाचे आठ झाले. मीही कापूस वेचत होतो. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे कोणी विचारलं की तेव्हा तू कुठे होतास, तर उत्तर तयार असावं. आत्या बांधावर गोधडी पांघरून बसायची आणि अळीनं डागाळलेला कापूस दिसला की ओरडायची, "कवडी वेगळी टाक रे! चांगल्यात मिसळू नको!" पाऊस आला तो नुसता शिंतोडे देऊन गेला. गारा पडल्याच नाहीत.

आम्ही परत गेलो, राहिलेले दिवस पुरे केले. डॉक्टर बाईंनी फाईलमध्ये 'खंड' असा शब्द लिहिला आणि रागावल्या नाहीत. कोणत्या बाईनं, कोणत्या आभाळामुळे, कोणत्या अळीमुळे, याला त्या फाईलमध्ये रकाना नव्हता. वयाला आहे, गाठीला आहे. ज्या गावात सहा बाया एका बाईसाठी आपला हंगाम सोडायला निघतात आणि पाचवीला सोडता येत नाही, त्या गावाला नाही. मी डॉक्टरांना दोष देत नाही. तो रकाना भरणं हे माझ्यासारख्यांचं काम आहे, आणि आम्ही ते सोडून दुसरंच छापत बसलो होतो.

माघात हरभऱ्याला घाटे आले. आत्यानं एकदा उजव्या हातानं घाटा सोलला, नखानं, दाणा न चिरता. तो दाणा तिनं माझ्या तळहातावर ठेवला. "बघ." मी तो खाल्ला नाही, जपूनही ठेवला नाही, कुठेतरी पडला.

पावसाळ्याच्या तोंडावर गाठ परत आली. आधी शब्द गेले. तांब्याला 'ते', मला 'ते', देवाला 'ते'. मग उजवी बाजू पूर्ण गेली. खाला रोज प्लॉटवर जाताना थांबायची, शिव्या देऊन जायची, कारण आत्याला अजून शिव्या कळायच्या आणि तिचा अर्धा ओठ हसायचा. एकदा खालानं उद्या उमलणारी एक कळी तोडून आणली आणि आत्याच्या डाव्या हातात दिली. आत्यानं ती बराच वेळ धरली. नख लावलं नाही. मग मूठ सैल झाली. खालानं कळी जमिनीवरून उचलली आणि त्या दिवशी पहिल्यांदा शिवी न देता गेली.

आत्या भादव्यात गेली, क्रॉसिंगच्या ऐन दिवसांत. टोळी प्लॉटवरून तशीच आली. तिला आंघोळ घालणाऱ्या सगळ्या हातांच्या बोटांना परागांची पिवळी धूळ होती.

मी अजून पत्रकं लिहितो. फवारणीबद्दल बाकी जे लिहिलं त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही; बाया अजूनही हातमोज्यांशिवाय त्या शेतांत वाकतात. पण आत्याचा हात फवारणीनं मारला नव्हता, आणि तो मरत असताना सहा आठवडे मी तो लोकांना दाखवत होतो. एका बाबतीत आपण खरे असलो की दुसऱ्या बाबतीत आंधळं होण्याची जणू परवानगीच मिळते. वडील आता दोषीचा कायदा बोलून दाखवत नाहीत. उरलेला गठ्ठा त्यांनी फेकूही दिला नाही आणि जाळूही दिला नाही. तो अजून भिंतीशी आहे, घड्या वाकड्या असलेला.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. बीबी, दुसरबीड, मेहकर, सिंदखेड राजा या बाजारांत ते पत्रक खूप गेलं होतं. तुमच्या घरी एखादी प्रत असेल. कपाटात अंथरलेली, वहीला कव्हर घातलेली, डब्याच्या तळाशी. ती काढा. पाठ कोरी आहे. तिच्यावर जाड पेनानं लिहा: हातातून वस्तू पडायला लागल्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द सापडेनासे झाले, सकाळी डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, तर कारण नंतर शोधा, आधी डोक्याचा स्कॅन करा, माणूस चालता आहे तोवर न्या. त्याच्या खाली लिहा: गल्लीतली कोणी लाईट घ्यायला निघाली तर तिचा एक आठवडा मी घेईन, वेचणीचा असला तरी. आणि त्याखाली स्वतःचं नाव घाला.

प्रत नसेल तर दुसरा कुठलाही कागद चालेल. तो पिठाच्या गिरणीत लावा, जिथे बाया दळण होईपर्यंत थांबतात. फोटोची बाजू भिंतीकडे करा.